लघवीच्या कल्चरमध्ये जंतू आले, पण त्रास काहीच नाही. औषध सुरू करायचं का?

लोकमान्यनगरची सून (इंदूर)

नमस्कार. सासूबाईंबद्दल विचारायचं आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट कळणार नाही.

वय ६८. साखर नाही, बीपीची एक गोळी आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांना जोरात उन्हाळी लागली. थेंब थेंब लघवी, ओटीपोटात कळ, रात्रभर फेऱ्या. कल्चर केलं, ई. कोलाय निघाले, पाच दिवस गोळ्या घेतल्या आणि बरं वाटलं. होळीच्या आसपास पुन्हा तेच. तेव्हापासून सासऱ्यांनी नेमच धरला आहे, दर महिन्याला लघवी तपासायचीच. रिपोर्टांची जाड फाईल झाली आहे. जंतूंच्या आकड्याभोवती ते लाल पेनाने गोल करतात आणि काळजीने मागचे-पुढचे आकडे ताडून बघत बसतात.

या महिन्याचा रिपोर्ट: ई. कोलाय, एक लाखाच्या वर. पस सेल्स (पू-पेशी) ४ ते ५. खाली औषधांची मोठी यादी, कुणापुढे ‘आर’ (लागू न पडणारं), कुणापुढे ‘एस’ (लागू पडणारं). आणि सासूबाई ठणठणीत! जळजळ नाही, ताप नाही, घाई नाही. अनंत चतुर्दशीला झांक्या बघायला अर्धी रात्र उभ्या होत्या. सासरे म्हणतात, ज्याच्यापुढे ‘एस’ आहे ते औषध आजच चालू करा. मागे दोनदा मेडिकलवाल्याने रिपोर्टचा फोटो बघूनच गोळ्या दिल्या होत्या. यावेळीही पाकीट आणून ठेवलंय, पण उघडायला माझा हात होत नाही.

याच्या उलट मे महिन्यात दोन दिवस चांगलीच जळजळ होती, तर कल्चरमध्ये ‘नो ग्रोथ’. हे कसं?

त्यात नणंदेने पुण्याहून एक लेख पाठवलाय. मूत्राशयात आपले स्वतःचे जंतू राहतात आणि ते उपयोगाचे असतात, असं त्यात आहे. आम्ही तर लघवी निर्जंतुक असते असंच शिकलो. मग हे एक लाख चांगले की वाईट? प्रोबायोटिकच्या गोळ्या द्याव्यात का?

अजून एक. सकाळी सहाची लघवी डबीत भरून ठेवतो, लॅबचा मुलगा साडेनऊच्या सुमारास येऊन नेतो. आणि भजनी मंडळ असलं की सासूबाई दुपारपासून पाणी बंद करतात, कारण तिथलं बाथरूम जिना चढून वर आहे. याचा काही संबंध असेल तर तेही सांगा.

खातीपुरा

आमच्याकडे धणे-जिरं रात्री भिजत घालून सकाळी ते पाणी गाळून देतात. पोटाला गार पडतं, पाणीही जास्त जातं. औषध म्हणून नाही सांगत, पण देऊन बघा.

दुसरं म्हणजे नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक देऊ नका, ही हात जोडून विनंती. आईला असंच लागोपाठ तीन वेळा दिलं. तिसऱ्या वेळी जुलाब असे लागले की सलाइनसाठी दाखल करावं लागलं. लघवीचा त्रास त्या वेळी नव्हताच तिला.

प्लेटवाली मावशी

सूनबाई, पाकीट उघडलं नाहीत हे फार चांगलं केलंत.

मी इंदुरातच एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते, आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा कुठलं औषध घ्यायचं हे मी सांगणार नाही. पण ज्या आकड्याला तुमचे सासरे लाल गोल करतात तो आकडा बनतो कसा, हे मी सांगू शकते, कारण तो बनवण्यात माझी नोकरी गेली.

निक्रोमच्या तारेचं एक बारीक कडं असतं, त्याला लूप म्हणतात. त्यात ०.००१ मिलिलिटर लघवी मावते, एका थेंबाचा साधारण पन्नासावा हिस्सा. तार ज्योतीवर लाल होईस्तोवर तापवायची, निवू द्यायची, डबीत सरळ उभी बुडवायची आणि प्लेटवर रेघ ओढून पसरायची. आमच्याकडे सीएलईडी नावाच्या माध्यमाच्या, म्हणजे जंतूंच्या खाण्याच्या, प्लेटा असायच्या, हिरवट निळ्या. रात्रभर ३७ अंशांवर ठेवल्या की सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडताच कळायचं, ई. कोलाय असले की निळी प्लेट पिवळी झालेली असायची. मग ठिपके मोजायचे. एका ठिपक्याचे मिलिलिटरला हजार. शंभर ठिपके झाले की एक लाख. हाच तुमचा लाल गोल.

आता लाखच का? १९५६ च्या सुमारास बॉस्टनमध्ये एडवर्ड कॅस नावाच्या डॉक्टरांपुढे एक अडचण होती. लघवी बाहेर येताना त्वचेवरचे जंतू तिच्यात मिसळतात, मग मिसळलेले कुठले आणि आत वाढलेले कुठले हे ओळखायचं कसं? मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेलेल्या रुग्णांत आणि इतरांत आकडे मोजून त्यांनी मिलिलिटरला एक लाख ही रेघ आखली. त्या रेघेचा अर्थ एवढाच, की हे जंतू बाहेरून मिसळलेले नसून मूत्राशयात वाढलेले असण्याची शक्यता खूप आहे. बाईला आजार आहे की नाही, हे ती रेघ सांगत नाही. ते बाईलाच विचारावं लागतं. तुमच्या घरात हा प्रश्न फाईलला विचारला जातोय, म्हणून मी एवढं लिहितेय.

मे महिन्याचं कोडंही याच हिशेबात सुटतं. १९८२ मध्ये सिएटलच्या वॉल्टर स्टॅम यांनी दाखवलं, की जळजळ होत असलेल्या बायकांत ई. कोलायसारखे जंतू मिलिलिटरला शंभर असले तरी ते संसर्गाचे असू शकतात. आता आमचा लूप घ्या. मिलिलिटरला शंभर म्हणजे लूपमध्ये एक दशांश जंतू! दहा प्लेटा घातल्या तर कुठेतरी एक ठिपका. आम्ही प्रामाणिकपणे ‘नो ग्रोथ’ लिहिणार आणि बाई घरी कळवळत असणार. शिवाय त्या वेळी त्यांनी आदल्या दिवशी उरलेली एखादी गोळी घेतली असेल, भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ झाली असेल, तरी प्लेट कोरी येते. आणि दरवेळी जळजळ जंतूंमुळेच असते असंही नाही. पाळी गेल्यावर तिथली त्वचा कोरडी पडते, त्यानेही आग होते.

आता नणंदबाईंचा लेख. तो खरा आहे. शिकागोजवळच्या लोयोला विद्यापीठात अ‍ॅलन वुल्फ आणि लिंडा ब्रुबेकर यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं, की नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच न उगवणाऱ्या लघवीतही जिवाणूंचा डीएनए सापडतो. पण डीएनए मेलेल्या जंतूचाही असू शकतो. म्हणून २०१४ मध्ये त्यांनी ते जंतू वाढवूनच दाखवले. बाहेरचे मिसळू नयेत म्हणून नळी घालून थेट मूत्राशयातली लघवी घेतली. लूपच्या शंभर पट लघवी प्लेटवर घातली, प्लेटांचे प्रकार वाढवले, कार्बन डायऑक्साइड जास्त असलेल्या हवेत ठेवल्या, एका रात्रीऐवजी दोन दिवस थांबले. ६५ नमुन्यांपैकी ५२ मध्ये जंतू उगवले. त्या ५२ पैकी ४८ नमुन्यांना नेहमीच्या पद्धतीने ‘नो ग्रोथ’ म्हटलं होतं. मला हे वाचून फार आनंद झाला होता. ज्या कोऱ्या प्लेटा आम्ही सकाळी टाकून द्यायचो, त्यांतल्या कितीतरी कोऱ्या नव्हत्याच, उगवायला त्यांना वेगळं खाणं आणि जास्त वेळ हवा होता.

तिथे राहतात कोण? बऱ्याच बायकांत लॅक्टोबॅसिलस, त्यातही क्रिस्पॅटस आणि गॅसेरी या जाती, काहींत गार्डनरेला, काहींत स्ट्रेप्टोकोकस. आतड्याच्या मानाने वस्ती अगदी विरळ. हे मुख्यतः योनीमार्गातल्या वस्तीचेच सगेसोयरे आहेत. २०१८ मध्ये दोन्हीकडच्या जंतूंचे जीनोम, म्हणजे सगळे जनुकसंच, ताडून पाहिले तेव्हा ते एकमेकांच्या फार जवळचे निघाले. लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल तयार करतात, ते ई. कोलायला मानवत नाही. शिवाय गाडीत सीटवर रुमाल टाकून जागा धरावी तशी त्यांनी अस्तरावरची जागा आणि खाणं धरून ठेवलेलं असतं. योनीमार्गात ही राखण किती कामाची आहे हे पक्कं ठाऊक आहे. मूत्राशयात त्यांची भूमिका नेमकी किती, यावर काम चालू आहे. वारंवार घाईची लघवी होणाऱ्या काही बायकांत ही वस्ती वेगळी दिसली, गार्डनरेला जास्त आणि क्रिस्पॅटस कमी, पण वस्ती बदलली म्हणून त्रास झाला की त्रासामुळे वस्ती बदलली, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून ‘मूत्राशयातले चांगले जंतू वाढवा’ म्हणून कुणी महागडी पुडी विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा.

तुमचा खरा प्रश्न, हे एक लाख चांगले की वाईट. ई. कोलाय आतड्यात आपल्या सगळ्यांच्याच असतात. त्यांतल्या काही जातींच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात आणि तंतूंच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन. त्याने ते मूत्राशयाच्या अस्तरावरच्या मॅनोज साखरेला चिकटतात. चिकटले की पेशींच्या आत शिरतात, तिथे घोळक्याने वाढतात. उंदरांत तर असं दिसलंय की औषधाने लघवी साफ झाली तरी काही जंतू अस्तरात खोल दडून बसतात आणि पुढे पुन्हा डोकं वर काढतात. याउलट काही ई. कोलाय नुसते लघवीत तरंगत राहतात, शरीर त्यांच्याकडे लक्ष देत नाही. स्वीडनमध्ये एका मुलीच्या लघवीत तीन वर्षं असा एक वाण राहिला, तिला काहीही त्रास नाही. तो वाण ८३९७२ या क्रमांकाने ओळखतात. लुंडच्या डॉक्टरांनी पुढे तोच वाण, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि मूत्राशय पूर्ण रिकामं न होणाऱ्या रुग्णांच्या मूत्राशयात मुद्दाम सोडला, आणि त्यांचा पुढचा संसर्ग लांबला. प्लेटवर हे दोन्ही प्रकार सारखेच पिवळे दिसतात! मी कितीही डोळे फोडले असते तरी नुसत्या ठिपक्यावरून सांगू शकले नसते.

म्हणून लक्षणं नसताना आलेल्या जंतूंना संसर्ग म्हणायचं नाही, आणि त्यांच्यावर औषध द्यायचं नाही, असं मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. सत्तरीच्या आसपासच्या धडधाकट बायकांत दहांत एक-दोघींच्या लघवीत असे जंतू सहज सापडतात. इटलीतली एक पाहणी २०१२ ची आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या ६७३ तरुण बायका, सगळ्यांच्या लघवीत जंतू, त्या वेळी त्रास कुणालाच नाही. निम्म्या बायकांना औषध दिलं, निम्म्यांना नाही. वर्षभरात औषध घेतलेल्यांत सुमारे ७३ टक्के बायकांना पुन्हा संसर्ग झाला, न घेतलेल्यांत १५ टक्क्यांहूनही कमी. त्या बायका तुमच्या सासूबाईंपेक्षा वयाने लहान, हे खरं. पण सासऱ्यांना हे दोन आकडे जरूर दाखवा, त्यांना आकड्यांवर विश्वास आहे.

राहिली सहा ते साडेनऊची गोष्ट. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. लघवी खोलीत ठेवली तर दोन तासांच्या आत प्लेटवर गेली पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये, म्हणजे चोवीस तास निभतं. आपल्याकडच्या उकाड्यात जंतू अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरलं, तर साडेतीन तासांत सात वेळा दुप्पट. एक हजाराचे एक लाख अठ्ठावीस हजार! प्रत्यक्षात थोडे कमी भरतील, पण सासऱ्यांचा लाल गोल सासूबाईंच्या मूत्राशयात वाढला की टेबलावरच्या डबीत, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पस सेल्स ४ ते ५ म्हणजे तर सर्वसाधारण मर्यादेतच.

त्यामुळे त्रास नसेल तर दर महिन्याचं कल्चर बंद करा. त्रास झाला की त्याच दिवशी, औषधाची पहिली गोळी घेण्याआधी, नमुना द्या. पहिली धार सोडून मधली धार, झाकण आतून बोट न लावता उघडलेलं, आणि डबी कुणाची वाट न बघता स्वतः लॅबमध्ये नेऊन द्यायची.

लोकमान्यनगरची सून (इंदूर)

मावशी, दोनदा वाचलं. आत्ता सासऱ्यांनाही वाचून दाखवलं. एक लाख अठ्ठावीस हजारचा हिशेब त्यांनी कागदावर स्वतः करून बघितला आणि गप्प बसले.

पण त्यांचा एक प्रश्न आहे आणि मला तो रास्त वाटतो. आज त्रास नाही, ठीक. पण दोनदा झालाय, तिसऱ्यांदा होऊ नये म्हणून काय करायचं? नुसतं बसून राहायचं का?

अन्नपूर्णा रोड

मलाही हेच विचारायचं होतं. माझ्या आईला पाळी जाईपर्यंत कधी असला त्रास नव्हता, नंतरच सुरू झाला. क्रॅनबेरीच्या गोळ्या आणि डी-मॅनोजची पावडर मागवली आहे. दही रोज वाटीभर. याचा फायदा होतो का?

प्लेटवाली मावशी

रास्तच आहे प्रश्न. बसून राहायचं नाही, करण्यासारखं बरंच आहे.

अन्नपूर्णा रोड, तुमच्या प्रश्नात अर्धं उत्तर आहे. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं. इस्ट्रोजेन असतं तोवर योनीमार्गाच्या पेशींत ग्लायकोजेन साठतं, त्यावर लॅक्टोबॅसिलस जगतात. ते घटलं की त्यांचं खाणंच जातं, आम्लता कमी होते आणि आतड्याकडचे ई. कोलाय तिथे ठाण मांडतात. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, तिथून मूत्राशय किती लांब? १९९३ मध्ये राझ आणि स्टॅम यांनी पाळी गेलेल्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या ९३ बायकांवर इस्ट्रिऑलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचं, मलम तपासलं. योनीमार्गात लावायचं, पोटात घ्यायचं नाही. मलम लावणाऱ्या बायकांत वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग, साधं मलम लावणाऱ्यांत ५.९ वेळा. आणि मलम लावणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींत लॅक्टोबॅसिलस परतले. अँटिबायोटिकने जंतू मारण्यापेक्षा घरच्या जंतूंना पुन्हा नांदायला जागा देणं, हे मला मनापासून पटतं.

पण आपल्याकडे हे विचारतं कोण? सासूने सुनेला सांगायचं नाही, सुनेने डॉक्टरांना विचारायचं नाही. सहा-सहा वेळा अँटिबायोटिक घेतलेल्या बायका लॅबच्या खिडकीशी यायच्या आणि ‘तिथे कोरडं पडलंय’ हे कुजबुजत सांगायच्या, तेही मी बाई होते म्हणून. सूनबाई, तुम्ही सासूबाईंना घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि हे मलम त्यांना चालेल का ते स्पष्ट विचारा. कधी स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल, अंगावरून अकारण रक्त गेलं असेल, तर ते आधी सांगायचं.

पाण्याचं. कमी पाणी पिणाऱ्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० बायकांची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या जणींनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. यात गोळी नाही, खर्च नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असून डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर मात्र त्यांना विचारूनच वाढवायचं. भजनी मंडळाचं बाथरूम जिन्यावर आहे म्हणून पाणी बंद, हे मला ऐकवत नाही. मंडळ खालच्या मजल्यावर बसवा, नाहीतर ज्यांच्याकडे खाली सोय आहे त्यांच्या घरी न्या. बाकीच्या बायकाही सुटकेचा श्वास सोडतील, त्यांनीही पाणी बंद केलेलं असणार, मी खात्रीने सांगते. लघवी तुंबवली की जंतूंना धुऊन काढणारी धारच थांबते.

क्रॅनबेरी: वारंवार त्रास होणाऱ्या बायकांत काही प्रमाणात उपयोग होतो असं २०२३ च्या मोठ्या आढाव्यात आलं आहे. पण बाजारातली गोड सरबतं त्यात मोजू नका. आई रक्त पातळ करणारी वॉरफेरिन घेत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. डी-मॅनोज: कल्पना सुरेख, फिमएचला आधीच साखर चिकटवून ठेवायची म्हणजे ते अस्तराला चिकटणार नाहीत. पण २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. पुढची पावडर मागवू नका.

दही खा, पण दही म्हणून खा. आपल्या विरजणातले जंतू वेगळे, क्रिस्पॅटस वेगळे. क्रिस्पॅटसचाच प्रयोग २०११ मध्ये झाला होता, पण योनीमार्गात ठेवायच्या गोळीने. शंभर तरुण बायकांत, गोळी घेतलेल्यांपैकी १५ टक्के आणि साध्या गोळीवाल्यांपैकी २७ टक्के बायकांना पुन्हा संसर्ग झाला. तोंडाने घ्यायच्या कॅप्सूलना तो पुरावा लागू होत नाही.

बाहेरून साध्या पाण्याने धुवा. पाण्यात जंतुनाशक टाकून आतपर्यंत धुणं आपल्याकडे स्वच्छता म्हणून फार चालतं. ते बंद. ज्यांना राखायचं तेच त्याने आधी मरतात. बद्धकोष्ठता असेल तर तिचा बंदोबस्त करा. आणि लघवी झाल्यावर अर्धा मिनिट थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करायला सांगा, काहींचं मूत्राशय एका दमात रिकामं होत नाही. अंग खाली उतरल्यासारखं वाटत असेल तर तेही स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगायला हवं.

आणि कशाला थांबायचं नाही ते ऐका. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या, लघवीत रक्त, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. म्हाताऱ्या माणसाला अचानक भ्रम झाला तरीही त्याच दिवशी, पण तेव्हा ‘लघवीत जंतू आहेत, त्यामुळेच असेल’ म्हणून शोध थांबवू देऊ नका, इतर कारणंही बघायला सांगा.

‘आर’ आणि ‘एस’ची यादी रोग ठरवत नाही. संसर्ग आहे असं डॉक्टरांनी ठरवल्यावर कुठलं औषध लागू पडेल हे बघायला ती असते. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटोइन किंवा फॉस्फोमायसिनसारखी औषधं अजून आपल्याकडे बऱ्यापैकी चालतात. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे मात्र माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ‘आर’ लिहून लिहून हात दुखायचा. मेडिकलवर फोटो दाखवून घेतलेल्या गोळ्यांचा यात मोठा वाटा आहे.

खातीपुरा

मावशी, वरचं सगळं कॉपी करून आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकू का? नाव-गाव काढून टाकीन.

प्लेटवाली मावशी

जरूर टाका. लक्षणांचा परिच्छेद गाळू नका फक्त.

लोकमान्यनगरची सून (इंदूर)

काल सासूबाईंना घेऊन गेले होते. डॉक्टरीणबाईंनी फाईल चाळली, तपासलं आणि आता अँटिबायोटिक नको म्हणाल्या. कोरडेपणा आहेच, मलम लिहून दिलंय, सुरुवातीला रोज आणि पुढे आठवड्यातून दोनदा. सासूबाई परत येताना रिक्षात म्हणाल्या, हे मला दहा वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर! सासऱ्यांनी महिन्याचं कल्चर थांबवायला होकार दिलाय. गोळ्यांचं पाकीट मेडिकलवाल्याने परत घेतलं.

मंडळ पुढच्या गुरुवारपासून आमच्याकडे, खालच्या खोलीत.

अन्नपूर्णा रोड

मावशी, एक शेवटचं. वहिनीला तिसरा महिना आहे. तपासणीत तिच्याही लघवीत ई. कोलाय आलेत, लाखाच्या वर, आणि त्रास काहीच नाही. तुम्ही म्हणता तसं मग दुर्लक्ष करायचं ना?

प्लेटवाली मावशी

नाही! बरं झालं विचारलंत. गरोदरपणात हा नियम लागू नाही.

गर्भाशय वाढतं तसं मूत्रवाहिन्यांवर दाब येतो, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे त्या सैल पडतात, लघवी वर साचून राहते. अशा वेळी लक्षणं नसलेले जंतूही मूत्रपिंडापर्यंत चढतात. असे जंतू असून औषध न दिलेल्या गरोदर बायकांत साधारण चारांत एकीला मूत्रपिंडाचा संसर्ग होतो असं जुन्या पाहण्यांत दिसलेलं आहे, आणि त्यात आईला भरती करावं लागतं, बाळ वेळेआधी होण्याची भीती असते. म्हणून तर पहिल्या तिमाहीत लघवीचं कल्चर करून घेतात आणि जंतू निघाले तर त्रास नसतानाही औषध देतात. मूत्रमार्गाची, रक्तस्राव होऊ शकेल अशी शस्त्रक्रिया ठरली असेल तर तिथेही आधी औषध देतात.

नमुना नीट घेतला होता ना, हे डॉक्टरांना सांगा, त्या कदाचित दुसरा नमुना मागतील. पण गोळी घरी ठरवायची नाही, गरोदरपणात सगळी अँटिबायोटिकं चालत नाहीत. वहिनींना उद्याच त्यांच्या डॉक्टरांकडे न्या, रिपोर्ट बरोबर घ्या, आणि औषध संपल्यावर पुन्हा कल्चर करायचं आहे का ते तिथेच विचारून घ्या.